काळी मुरवणारी मेहरबी

अकोल्याला येऊन मला वीस दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात माझी बायको आमच्याच घरात कोंडली गेली.

श्रावणातली गोष्ट. मी सडकेच्या खात्यात ओव्हरसियर होतो आणि देशावरून बदलून वऱ्हाडात आलो होतो. कचेरीने मोर्णा नदीच्या पलीकडे दोन खोल्यांचं नवंकोरं घर दिलं होतं. सकाळी मी निघालो तेव्हा दार नेहमीसारखं लागलं. दुपारी परत आलो तर उघडेना. आतून यशोदा ओढत होती, बाहेरून मी ढकलत होतो. कडी काढलेली, अडसर बाजूला, तरी फळ्या चौकटीत रुतून बसलेल्या. बघता बघता वस्तीतली माणसं जमली. कोणी म्हणालं सुतार आणा, कोणी म्हणालं छपराची कौलं काढा आणि बाईंना वरून घ्या.

त्या गर्दीच्या मागून दोन गाढवं हाकत एक उंच बाई आली. वय चाळिशीचं असावं. ओढणीपासून भुवयांपर्यंत सगळ्या अंगावर पांढरी भुकटी बसलेली. तिने दाराकडे बघितलंच नाही. भिंतीच्या कडेला उकिडवी बसली, चिमूटभर माती उचलली आणि चक्क जिभेवर ठेवली. क्षणभर डोळे मिटले, मग थुंकली.

"दाराले कायले मारून राहिले, भाऊ? दार सरळच हाय. तुमचं घर वर आलं."

"घर वर आलं म्हणजे?"

"हे काळी हाय. पानी पेली का फुगते. इकडची भीत उचलली तिनं, तिकडची तशीच हाय. मंग चौकट वाकडी होनार नाई तं काय?" मग दाराला तोंड लावून म्हणाली, "बाई, तुमी मांगं सरा बरं. चुलीपाशी जाऊन उभ्या राहा."

कोणाच्या तरी हातातली पहार तिने घेतली, उंबऱ्याखाली घातली, अंगाचा सगळा भार दिला आणि खांद्याने एक धक्का मारला. दार सुटलं ते आडवंच झालं आणि दारासकट ही बाई आमच्या घरात पडली. ती पडली तशीच पडल्या पडल्या हसू लागली. आतून यशोदाचंही हसू ऐकू आलं. वऱ्हाडात आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून मला ते अजून आठवतं.

ही मेहरबी. नदीकाठच्या चुनभट्टीची मालकीण. पुढची अडीच वर्षं माझ्या कामाचा आणि आमच्या घराचा असा एक दिवस गेला नसेल की तिच्यावरून आमच्यात काही बोलणं झालं नाही.

तिचा नवरा रहेमान चुनेवाला म्हणून त्या भागात नावाजलेला होता. तो तापाने गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, भट्टी विझली. तिसऱ्या आठवड्यात भट्टीतून धूर निघाला. मेहरबीने आठ बायका जमवल्या होत्या. त्यात तिच्या नात्यातल्या तीन, बाकीच्या माळी-कुणब्यांच्या. नाल्याच्या काठाला काळ्या मातीत पांढरे खडे सापडतात, ते या बायका वेचून आणीत. लाकडं आणि गोवऱ्या यांच्या थरांत ते खडे रचून भट्टी पेटायची. तीन दिवसांनी चुनकळी निघायची. तिच्यावर पाणी पडलं की ती फसफसून फुटायची आणि खाली मऊ फक्की उरायची. हे मी कोकणात आणि देशावर शेकडो वेळा पाहिलं होतं. पण चुनकळी फुटताना कोणी तिच्याशी बोलतं हे पहिल्यांदा पाहिलं.

"हास बाई, हास. पोट धरून हास," असं मेहरबी म्हणायची. फक्की मऊ झाली नाही तर म्हणायची, "आज हे रुसून राहिली. राहू द्या तिले. उद्या हासन."

तिच्या काही गोष्टी गावात ठाऊक होत्या. ती पान खाई, पण पानात चुना लावू देत नसे. पानवाल्याने चुकून बोट फिरवलंच तर पान परत करी. "दिवसभर तेच खाऊन राहिली मी. पानात तरी दुसरं काई खाऊ दे." तिचे केस काळे होते की पांढरे, हे कोणालाच सांगता येत नसे. यशोदाने एकदा विचारलं तर म्हणाली, "केस पिकले का चुना बसला, हे आमच्या मियाँलेबी कधी कळलं नाई." ती माणसांची नावं लक्षात ठेवत नसे, कामं ठेवी. माझ्या हातात मापाची साखळी असायची म्हणून मी कायमचा 'साखळीवाले भाऊ' झालो. पोस्टमास्तर 'थैलीवाले', कचेरीतले मोठे साहेब 'टोपी'. यशोदाला मात्र ती नावाने हाक मारी आणि यशोदा तिला मेहरआपा म्हणे.

आणि मातीची चव. ती कुठेही गेली तरी आधी माती जिभेवर ठेवी. कोणाच्या अंगणात, बाजारात, रस्त्याच्या कडेला. चव आवडली की मान डोलवी, नाही आवडली की नाकापर्यंत तोंड वाकडं करी. मी एकदा तिला म्हटलं, "मेहरबी, आम्ही सहा वर्षं सडका बांधल्या, पण माती कधी चाखली नाही." ती म्हणाली, "म्हनून तं तुमचं दार अडकलं."

त्याच पावसाळ्याच्या शेवटी तिने आमच्या घराची जमीन करून दिली. फरशी नव्हतीच. शेणाने सारवलेल्या भुईला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि यशोदाला तेव्हा दिवस गेले होते. मेहरबीने हातभर माती उकरली, त्यात फक्की मिसळली, दोन दिवस झाकून ठेवली आणि मग ओली करून धुम्मसाने ठोकली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. आमच्या चुलीपर्यंत यायचं की नाही, हे ती विचारणार नव्हती, आणि मला तिला बोलवायला तोंड फुटेना. शेजारी बघत होते. यशोदाने पदर खोचला आणि म्हणाली, "आपा, भेग तर चुलीपाशीच सगळ्यात मोठी आहे." मेहरबी आत गेली. त्या दिवसापासून आमच्याकडे पाणी प्यायला न आलेले दोन शेजारी पुढच्या उन्हाळ्यात आपापल्या घरची जमीन करून घ्यायला मेहरबीच्या भट्टीवर गेले. मी त्यांना त्यावरून कधी काही बोललो नाही. यशोदा बोलली.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाखेरीज दुसरी गोष्टच नव्हती. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. ज्याच्या अंगावर कधी धड बंडी नव्हती तो रेशमी पटका बांधून बाजारात फिरत होता. रेल्वेचे रूळ अकोल्यापर्यंत आले आणि आसपासच्या मुलखातल्या गाड्या, अमरावतीकडच्यासुद्धा, स्टेशनाकडे वळल्या. स्टेशनाशेजारचं मोठं मैदान कापसाच्या गाड्यांसाठी ठेवलं होतं. मैदान सपाट होतं, ऐसपैस होतं, आणि सगळंच्या सगळं काळ्या मातीचं होतं.

पौषात अवकाळी पाऊस आला. एकच रात्र पडला, पण सकाळी मैदानात साठ-सत्तर गाड्या आसापर्यंत रुतलेल्या. बैल गुडघ्यावर, कापसाचे बोजे चिखलात. आम्ही दगड टाकले, ते काळीने गिळले. मुरूम आणवला, दोन दिवसांत तोही दिसेनासा झाला. त्या गडबडीत भातकुलीहून आलेल्या पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची गाडी कलंडली आणि त्याचा पाय चाकाखाली आला. चौघांनी मिळून गाडी बाजूला करेपर्यंत तो चिखलात पडून होता. त्याला उचलून पहिल्यांदा कोणी नेलं तर मेहरबीने. तिची भट्टी मैदानाच्या नदीकडच्या कडेलाच होती. हाड बसवणारा वैदू आला, पाय बांधला. पुंजाजी महिनाभर हलू शकणार नव्हता. तो तिच्याच झोपडीच्या ओसरीवर राहिला, आणि त्याचे बैल तिच्या गाढवांशेजारी.

आठ दिवसांनी मोठ्या साहेबांनी हुकूम काढला. मैदान निकामी आहे, ते सोडून गाड्यांची जागा नदीपलीकडे न्यायची. म्हणजे प्रत्येक बोजा नदी ओलांडून डोक्यावर आणायचा. आणि स्टेशनाच्या या बाजूला मालाच्या शेड उभ्या करायच्या, त्यासाठी चुनभट्टीची जागा होळीनंतर रिकामी करायची. हुकूम वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

मेहरबीने शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांच्यातली एक डोळे पुसू लागली. मेहरबी म्हणाली, "रडू नोको. साखळीवाले भाऊ, टोपीले जाऊन सांगा, का मैदान निकामी नाई. मैदानाले कोनी इचारलंच नाई. मी येऊन राहिली."

ती खरोखरच कचेरीत आली. साहेब उंचापुरे, लालबुंद चेहऱ्याचे, मोडकी हिंदुस्थानी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी असे. मेहरबीने सांगितलं की मैदानात चुना घालून माती मुरवली तर गाडी बुडणार नाही. साहेब म्हणाले, चुना भिंतीसाठी असतो. जमिनीला पक्कं करायचं तर त्यांच्याजवळ विलायती सिमिट आहे, चार पिंपं, ते वापरून बघू. आम्ही सगळे गोदामात गेलो. पिंपं सबंध पावसाळाभर तिथे पडून होती. शिपायाने झाकण उचकटलं, आत पहार मारली, तर पहार टण्णकन वर आली. दुसरं उघडलं, तेही तसंच. चारही पिंपं आतल्या आत दगड झाली होती.

मेहरबी पिंपाशी वाकली, एक कपचा काढला, बोटांवर घासला आणि अर्थातच जिभेवर ठेवला. "साहेब," ती म्हणाली, "हे चुन्याचीच बहीन हाय. पन लय उतावळी. पिंपातच लगीन लावून बसली."

मी भाषांतर करावं की नाही या विचारात होतो. पण साहेबांना कळलं असावं. ते आधी मिशीत आणि मग मोठ्याने हसले. ती चार पिंपं पुढे मेहरबीने मागून घेतली आणि भट्टीसमोर बसायला मांडली. तिच्याइतके भक्कम पाट अकोल्यात कोणाकडे नव्हते.

साहेबांनी तिला मैदानातली एक पट्टी दिली. दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद, लांबी हाकेच्या अंतराची. होळीपर्यंत मुदत. पट्टी टिकली तर भट्टी राहील, नाही तर हुकूम आहेच.

काम कसं चाललं ते मी रोज बघितलं, कारण मोजमाप माझ्याकडे होतं. आधी पुंजाजीच्या बैलांना वखर जुंपून वीतभर माती उखळली. मग आठ बायका बसल्या आणि ढेकळं फोडू लागल्या, हरभऱ्याएवढी बारीक होईपर्यंत. मग फक्की पसरली. काळ्या जमिनीवर पांढरा थर, जणू कोणी दळण सांडलंय. कुदळीने खालवर केली, पुन्हा वखर फिरवला, वरून थोडं पाणी शिंपडलं. आणि मग मेहरबीने सगळ्यांना थांबवलं.

"आता दोन दिवस कोनी हात लावाचा नाई. मुरू द्या."

साहेब घोड्यावरून आले. रिकामी पट्टी आणि बसलेल्या बायका बघून त्यांचा पारा चढला. ठोकायला सुरुवात करा, आत्ताच्या आत्ता. मेहरबी म्हणाली, "घाई केली तं पोटात ढेकळं तशीच राहातीन." साहेब ऐकेनात. शेवटी तिने कुदळ घेतली आणि पट्टीच्या मधोमध आडवी रेघ ओढली. "हे इकडची तुमची. हे तिकडची माही. तुमची आज ठोका. माही मी परवा ठोकतो." साहेबांना ही वाटणी आवडली. त्यांनी आपली बाजू मजूर लावून संध्याकाळपर्यंत ठोकून घेतली आणि खूश होऊन गेले.

दोन दिवसांनी मेहरबीने मला हाक मारली. "हात घाला, भाऊ." मी तिच्या बाजूच्या मातीत हात घातला. काळी मातीच होती का ती, असं वाटलं. ओली झाली की बोटांना, पायाला, चाकाला चिकटून बसणारी ती काळी आता भरड्या रव्यासारखी मोकळी सुटत होती. मूठ आवळली तर गोळा होई, सोडली तर हाताला काहीही न लागता घरंगळून जाई. इतकी वर्षं मी या खात्यात काढली होती, पण आपण ज्यावर चालतो ती वस्तू स्वभाव बदलू शकते हे मला त्या दिवशी हाताला कळलं. मी काही तरी बोललो असणार, कारण मेहरबी म्हणाली, "नुसतं बगून नोका राहू. धुम्मस उचला."

ठोकताना बायका गात होत्या. गाणं तिथल्या तिथे जुळवलेलं असे. त्यात साहेबांची टोपी आली, माझी साखळी आली, पुंजाजीचा पाय आला. पुंजाजी ओसरीवरून काठी आपटून ताल धरी. ठोकून झाल्यावर पट्टीवर कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणि जुनी पोती अंथरली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. दहा-बारा दिवस हेच. गावातले लोक विचारत, "मेहरबी, सडकेले कायले पानी पाजून राहिली?" ती म्हणे, "बाळंतीन हाय. जपा लागते." यशोदा तेव्हा आठव्या महिन्यात होती. ती हे ऐकून लाजली आणि घरी येऊन मला चार वेळा सांगितलं.

परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत होतं. साहेब म्हणाले, पावसाशिवाय काय कळणार? मेहरबीने आपली गाढवं आणि गावातले सगळे पखालजी बोलावले होते. "पाऊस मी पाडतो," ती म्हणाली. सकाळपासून दुपारपर्यंत पखालीमागून पखाल त्या पट्टीवर रिकामी होत राहिली. बाजूच्या मैदानाचा चिखल झाला, इतका की एका शिपायाचा जोडा त्यात राहिला तो राहिलाच. दोन्ही कडांना माणसं उभी. गाड्यावाले, अडते, स्टेशनातले लोक, बायका-मुलं.

गाडी कोण हाकणार यावर मात्र गाडं अडलं. कापसाने गच्च भरलेली गाडी होती, आणि सगळ्यांनी पौषातला प्रकार पाहिलेला. मेहरबी स्वतः कासरा धरायला निघाली, तेव्हा ओसरीवरून पुंजाजी काठी टेकत आला.

"माहे बैल हायत," तो म्हणाला. "मीच हाकतो."

"तुहा पाय अजून कच्चा हाय, पुंजा. गाडी बुडली तं?"

"तूनं बनवली ना जमीन?"

"मी बनवली."

"मंग काहून बुडन?"

मी मेहरबीच्या शेजारी होतो. तिचे ओठ हलत होते, बहुतेक दुवा मागत असावी. पुंजाजीला दोघांनी उचलून धुरेवर बसवलं. गाडी निघाली.

आधी साहेबांची बाजू लागली. दहा हात ठीक गेली, मग डावं चाक चार बोटं रुतलं. बैलांनी जोर लावला, निघालं. पुन्हा उजवं रुतलं. न फुटलेली ढेकळं पाणी पिऊन मऊ झाली होती. गाडी डुगडुगत, अडखळत रेघेपर्यंत आली. साहेब घोड्यावर ताठ बसले होते. मग चाकं रेघ ओलांडून मेहरबीच्या बाजूला चढली आणि सगळ्या गर्दीने ऐकलं, चाकांचा आवाज बदलला. चिखलातला पचपच आवाज गेला आणि लोखंडी धावेचा कडकड असा आवाज सुरू झाला. बैलांनी माना वर केल्या. पुंजाजीने शेपट्या पिरगाळल्या आणि भरल्या गाडीचे बैल चक्क दुडकीवर पळाले. पलीकडच्या टोकाला त्याने गाडी वळवली आणि परत आणली, मग पुन्हा नेली. तिसऱ्या खेपेला त्याला थांबवावं लागलं.

कोणी तरी ढोल आणला. साहेब घोड्यावरून उतरले, पट्टीवर गेले, टाच आपटून पाहिली, खाली बसले आणि बोटाने चाकाचा माग चाचपला. नुसता ओरखडा होता. ते आपल्या बाजूला गेले, तिथे चाकोरीत त्यांचा हात मनगटापर्यंत गेला. उठून मेहरबीसमोर आले आणि टोपी काढली.

"क्या माँगता?" त्यांनी विचारलं.

भट्टी राहणार होतीच. मेहरबी म्हणाली, "लिहून द्या. दोन दिवस मुरू द्या, असं लिहून द्या. माह्या मांगं कोनी घाई करन तं त्याले कागद दाखवाले पाह्यजे."

तो हुकूम मी माझ्या हाताने लिहिला. नोकरीत असंख्य कागद लिहिले, त्यातला तो एकच मला शब्दशः पाठ आहे. खाली साहेबांची सही, आणि मेहरबीच्या हट्टामुळे तिच्या अंगठ्याची निशाणीही.

मैदान पावसाळ्याआधी पुरं झालं. मेहरबीच्या बायका आठाच्या तीस झाल्या. तिला लांबलांबून बोलावणी येऊ लागली, आणि त्यातल्याच एका कामात ती चुकली. हेही सांगायला पाहिजे, कारण तिने स्वतः ते कधी लपवलं नाही.

पूर्णेकडच्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात एक गाव आहे. तिथल्या मारुतीच्या देवळापुढचा ओटा तिने करून दिला. वैशाखात केला, सुरेख झाला. पावसाळ्यात त्याला फोड आले. जमीन जागोजाग टेंगळासारखी वर उचलली, वरचा थर पापुद्र्यासारखा फुटला. गावचा पाटील भला माणूस, त्याने नुसता निरोप धाडला. मेहरबी त्याच दिवशी निघाली, मलाही घेऊन गेली. ओट्याशी बसून तिने माती जिभेवर ठेवली आणि कितीतरी वेळ थुंकलीच नाही.

"पाटील," ती म्हणाली, "वैशाखात मले सर्दी झालती. चव आली नाई. मी तसंच काम केलं. ह्या मातीत खार हाय, खाराले चुना चालत नाई, भांडते. चूक माही हाय, मातीची नाई."

पाटील म्हणाला, "असू दे वो बाई. एवढ्यासाठी आल्या?"

पाच दिवस राहून तिने तो ओटा स्वतःच्या हाताने उकरला, काळी सगळी काढून टाकली, दूरवरून वाळू आणि मुरूम आणवून भरला आणि वर दगड बसवले. कोणाकडून काही घेतलं नाही. परतताना गाडीत मला वाटलं, हे तिच्या मनाला लागलं. नदी ओलांडल्यावर एकदम हसायला लागली. "साखळीवाले भाऊ, मारुतीले फोड आनले मी. आता सांगा, असं कोन्या चुनेवालीनं केलं होतं काय?" त्यानंतर सर्दी झाली की ती भट्टी बंद ठेवी आणि विचारणाऱ्याला सांगे, "आज माही जीभ रजेवर हाय."

आमची मुलगी जन्मली तेव्हा मेहरबीने तिच्या तळपायांना माती लावली. कुठली माती, तर स्टेशनाच्या मैदानातली, मुरवलेली. "हे कुठंबी उभी राहीन," ती म्हणाली. माझ्या आईला हे पत्रातून कळलं तेव्हा तिने चार पानी रागाचं पत्र पाठवलं. यशोदाने ते मोठ्याने वाचून मेहरबीला ऐकवलं, आणि मेहरबीने सगळं ऐकून विचारलं, "तुही सासू लय कडक माती दिसते. कोन्या गावची?"

मी तिला शेवटचं पाहिलं ते स्टेशनावर. रूळ तेव्हा बडनेऱ्याच्या पुढे गेले होते, आणि अमरावतीच्या कापसासाठी बडनेऱ्याला तसंच मैदान करायचं ठरलं होतं. काम मेहरबीकडे. माझी बदली खानदेशात झालेली, आमचंही सामान बांधून झालेलं. तिची मालगाडी आमच्याआधी सुटणार होती. उघड्या डब्यात फक्कीची पोती थरांवर थर, आणि त्यांच्यावर तिच्या पंचवीस-तीस बायका पाय पसरून बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीनेही आजवर रेल्वेत पाऊल ठेवलं नव्हतं. मेहरबी मधोमध, एका हाताने कुदळींचा भारा धरून. खाली फलाटावर पुंजाजी उभा होता, तो खास भातकुलीहून आला होता, कारण बडनेऱ्याला वखर त्याचेच बैल ओढणार होते. बैल मात्र तो भातकुलीहून पायीच नेणार होता. त्यांना रेल्वेचा भरवसा नव्हता म्हणे.

यशोदाने मुलीला उंच धरलं. मेहरबीने वाकून तिच्या गालाला हात लावला, तर गालावर पाच पांढरी बोटं उमटली. तेवढ्यात इंजिनाने शीळ घातली आणि गाडीने असा काही हिसका दिला की वरची चार-सहा पोती फुटली. भुस्सकन पांढरा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा डब्यातल्या सगळ्या बायका नखशिखांत सारख्या झाल्या होत्या. नुसते डोळे आणि हसणारे दात. गाडी हलू लागली. मी फलाटावरून चालत चालत बघत होतो, पण त्या तीस पांढऱ्या बायकांत मेहरबी कोणती, ते मला ओळखू येईना. यशोदालाही येईना.

मग त्यांच्यातली एक उठून उभी राहिली आणि इंजिनाच्या दिशेने हात करून खणखणीत आवाजात ओरडली, "अरे ओ शिट्टीवाले, हळू हाक ना. कायची घाई हाय तुले?"

"ती बघा," यशोदा म्हणाली, आणि आम्ही दोघांनी हात हलवला.